मदत हवी आहे: न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल पाच-सहा झटक्यांत बंद पडतं

खटपट्या
शाळेच्या प्रदर्शनासाठी न्यूकोमेन इंजिनाचं (वॉटच्याही आधीचं वाफेचं इंजिन) चालतं मॉडेल केलंय. सुरुवातीला झकास चालतं, मग पाच-सहा झटक्यांत गप्प. बॉयलर ठीक आहे, गळती नाही. शनिवारी प्रदर्शन आहे. काय बदलू तेवढंच सांगा, इतिहास नको.

गिरमिट
व्यास? धातू? भिंतीची जाडी? फवाऱ्याचं पाणी किती? आणि बंद पडतं तेव्हा दट्ट्या वर अडकतो की खाली? यावर सगळं अवलंबून आहे.

एकशेदहा
दाब कमी पडतोय. सेफ्टी व्हॉल्व्हवरचं वजन वाढवा, किलोभर दाब येऊ द्या, पळेल.

तिरकस_पाना
अहो, असले सल्ले देऊ नका! 1712 मध्ये इंग्लंडातल्या डडली कॅसलजवळचं न्यूकोमेनचं इंजिन वातावरणापेक्षा जेमतेम जास्त दाबाच्या वाफेवर चालायचं. दट्ट्या वर ओढतं ते पंपाकडच्या दांड्याचं वजन, खाली दाबते ती बाहेरची हवा. वाफ नुसती जागा भरते, मग गार पाण्याच्या फवाऱ्याने तिचं पाणी होतं आणि आत पोकळी होते. 50 मिमी व्यास धरला तर चौरस सेंटिमीटरला किलोभर दाब म्हणजे दट्ट्याखाली 20 किलोचा रेटा. सिलिंडर वरून उघडा, समोर पोरं उभी. कळलं ना?

खटपट्या
बरोबर 50 मिमी. पितळ, भिंत 3 मिमी, झटका (दट्ट्याची एक चाल) 100 मिमी. तांब्याचं बॉयलर, स्पिरिटचा दिवा. पाणी सिरिंजने, 20 मिली. दट्ट्या खालीच राहतो.

गिरमिट
मग वाफ पुरत नाही. हिशोब बघा. सिलिंडर भरायला 0.12 ग्रॅम वाफ लागते. तेवढी थिजवायला, म्हणजे तिचं परत पाणी करायला, 2-3 मिली गार पाणी बास. 20 मिलीने सव्वाचारशे ग्रॅम पितळ 25 अंशांनी उतरतं, आणि ते परत तापवायला पावणेदोन ग्रॅम वाफ जाते, म्हणजे गरजेच्या पंधरापट. दिवा कुठून पुरवणार?
ग्लासगो विद्यापीठातलं मॉडेल 1763-64 च्या सुमारास जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आलं, त्याचंही हेच दुखणं. त्याचा सिलिंडर 2 इंचांचा, डडलीचा 21 इंचांचा. आकार लहान झाला की तेवढ्याच वाफेमागे भिंत दसपट होते.
पाणी 3 मिलीवर आणा. फवारा बारीक आणि मधोमध, भिंतीला लागू देऊ नका. पहिल्या झटक्याआधी मिनिटभर वाफ सोडून सिलिंडर तापवा.

नमदेवाला
बाहेरून जाड नमदा गुंडाळा, काम फत्ते.

तिरकस_पाना
नमद्याने बाहेर जाणारी उष्णता थोडी वाचेल. इथे भिंत आतून गार होतेय, त्याला नमदा काय करणार?

एकशेदहा
मग वॉटसारखा वेगळा कंडेन्सर लावा, म्हणजे वाफ थिजवायचं भांडं सिलिंडरबाहेर. 1765 मध्ये त्याने हाच तोडगा काढला. सिलिंडर कायम गरम.

गिरमिट
त्याला हवेचा पंपही लागतो. शनिवारपर्यंत? आणि मग ते न्यूकोमेन राहत नाही.

बंदरकर
विषय निघालाच आहे तर, मुंबईच्या गोदीतले अर्देशर कर्सेटजी वाडिया वाफेच्या इंजिनांवरच्या कामासाठी ओळखले जात. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे फेलो झाले, पहिले भारतीय. प्रदर्शनात त्यांचा फोटो लावा.

खटपट्या
फोटो नंतर. 3 मिलीवर बराच वेळ चाललं, पण आता दट्ट्या वरच अडकतो!

गिरमिट
आता हवा साठतेय. पाण्यात विरघळलेली हवा दर झटक्याला आत येते, थिजत नाही, मग निर्वात होत नाही. सिलिंडरच्या तळाशी 4 मिमीचं भोक पाडून बाहेर उघडणारी कातडी झडप बसवा. झडपेवर वाटीभर पाणी ठेवा म्हणजे झडप हवाबंद राहील. वाफ आत शिरताना हवा फुस्सकन बाहेर पडली पाहिजे. आवाज आला नाही तर कातडं जाड आहे, पातळ घ्या.

तिरकस_पाना
दट्ट्यावरही बोटभर पाणी राहू द्या. कातडी वॉशर कोरडा पडला की हवा तिथूनही शिरते.