पन्हाळ्यावर व्हिक्टोरियन थाटाची सहल: डब्यात काय न्यावं?

प्रश्न: भिशीतल्या आम्ही १४ जणी जाणार. बेत सुचवा.

उत्तर: ताई, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्रज लेखिका इसाबेला बीटन हिच्या घरकामावरच्या १८६१च्या पुस्तकात ४० माणसांच्या सहलीची यादी आहे. गार मांस, मांस भरून भाजलेले ‘पाय’ (pie), ६ लॉबस्टर, १८ लेट्यूस! मांस आधीच शिजवून न्यायचं. पण मला भावतं तिचं बारीक लक्ष: पुदिन्याचा सॉस घट्ट बुचाच्या बाटलीत, बूच काढायचे स्क्रू तीन. पाणी तिथंच मिळतं, नेऊ नका म्हणते. तुम्ही मात्र न्याच.

दुसरं उत्तर: काकडी सँडविच करा. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावा, नाहीतर पाव भिजतो.

प्रश्नकर्ती: तीन स्क्रूंचं पटलं! मागं रंकाळ्यावर ओपनर विसरला, सोड्याच्या बाटल्या तशाच परत आणल्या.