अल्बमच्या पानावर 'पूर्व जर्मनी' लिहायचं की 'डीडीआर'?

मृणाल, जेल रोड
सासरे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, त्यांचा तिकिटांचा अल्बम आता लेकीकडे आलाय. शाळेच्या प्रदर्शनासाठी ती पानं नव्याने लावतेय. जर्मनीपाशी गाडी अडली. काही तिकिटांवर 'डॉइश बुंडेसपोस्ट', काहींवर 'डीडीआर', काहींवर नुसतंच 'डॉइश पोस्ट'. आम्ही तर पेपरात 'पूर्व जर्मनी'च वाचत आलो. मथळा काय द्यावा?

देवळालीकर काका
ताई, तिकिटावर छापलंय तेच द्या. बुंडेसपोस्ट म्हणजे पश्चिमेची, ती वेगळी काढा. 'पूर्व जर्मनी' हे बाहेरच्यांनी पाडलेलं नाव. ७ ऑक्टोबर १९४९ पासून त्यांचं अधिकृत नाव जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, जर्मन आद्याक्षरांत डीडीआर. पश्चिमेकडे मात्र हे नाव घेणंच टाळायचे. 'सोव्हिएत झोन', म्हणजे रशियाच्या ताब्यातला भाग, म्हणायचे, नाहीतर नुसतं 'झोन'. पश्चिम जर्मनीतल्या श्प्रिंगर समूहाचे पेपर तर १९८९ च्या ऑगस्टपर्यंत 'डीडीआर' अवतरणचिन्हांत छापत, म्हणजे तथाकथित! अवतरणं काढली आणि नोव्हेंबरात बर्लिनची भिंतच पडली.

आपलं सरकारही दोन दशकं जपूनच होतं, कारण डीडीआरला मान्यता देणाऱ्याशी पश्चिम जर्मनी संबंध तोडायची भाषा करी. आपण मान्यता दिली ती १९७२ त. पुढच्याच वर्षी दोन्ही जर्मनी एकदमच संयुक्त राष्ट्रांत गेले.

आता 'डॉइश पोस्ट'वाली. ती सरसकट एका पानावर नकोत. बरीचशी युद्धानंतर जर्मनी दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातली असतील, काही डीडीआरच्या अगदी सुरुवातीची. आणि खरी मौज १९९० च्या जुलैतली. पश्चिमेचा मार्क तिकडे लागू झाला आणि त्यांच्या नव्या तिकिटांवरून 'डीडीआर' गायबच झालं, राहिलं 'डॉइश पोस्ट'. देश अजून तीन महिने नकाशावर होता! सासऱ्यांकडे असतील तर शोधाच.

सिडकोवाला
काका, पण लोकशाही कसली? भिंत बांधून माणसं कोंडली, घराघरात स्टासीचे, म्हणजे त्यांच्या गुप्त पोलिसांचे, खबरे. पोरीला 'लोकशाही' लिहायला लावू नका.

देवळालीकर काका
अहो, मथळा म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. भिंतीचं आणि स्टासीचं खाली दोन ओळींत लिहू द्या की तिला.

पंचवटीची अनघा
माझा मुलगा पूर्वीच्या डीडीआरमधल्या केम्नित्सला शिकतो. १९५३ ते १९९० ते गाव 'कार्ल मार्क्स श्टाट' होतं. लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं, पण मार्क्सचं अवाढव्य डोकं तिथेच ठेवलंय. त्याची घरमालकीण सत्तरीची, ती 'डीडीआरच्या काळात' असंच म्हणते. स्टासीला शिव्या घालते, आणि पाळणाघरं किती चांगली होती हेही त्याच दमात सांगते.

मृणाल, जेल रोड
ठरलं. मथळा 'डीडीआर, १९४९ ते १९९०', खाली बारीक अक्षरात 'पूर्व जर्मनी', नाहीतर परीक्षकांना कळायचं नाही. काका, मार्कवाली दोन सापडली! त्यावर शिक्का नाही, म्हणजे कोरीच ना? हिंज (गोंदाची चिकटपट्टी) लावू की माउंटमध्ये (पारदर्शक पाकिटात) ठेवू?

देवळालीकर काका
माउंट! मागचा गोंद खराब करू नका.