मुखवट्याआडून भाव कसे पोहोचतात?

प्रश्न : विधिनृत्यांत नर्तकाचा चेहरा पूर्ण झाकलेला असताना त्याचे भाव प्रेक्षकांना कसे कळतात?

उत्तर १ : जपानच्या नो या पारंपरिक नाट्यप्रकारात लाकडी मुखवटा किंचित वर उचलला की चेहरा उजळतो आणि खाली झुकवला की खिन्न दिसतो, ही सारी किमया कोरीवकामावर पडणाऱ्या उजेड-सावलीची.

उत्तर २ : कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व या मूलनिवासी लोकांचे काही मुखवटे दोऱ्या ओढताच उघडतात आणि पक्ष्याच्या चोचीआडून माणसाचा चेहरा प्रकटतो. ज्या पॉटलॅच (मेजवानी आणि भेटवस्तू वाटण्याच्या) समारंभांत ते नाचवले जात, त्यांवर १८८५ ते १९५१ या काळात (अन्यायाने, हे सांगायलाच हवे) कायदेशीर बंदी होती.

उत्तर ३ : पूर्व भारतातील छाऊ नृत्याच्या सराईकेला शैलीत मुखवट्यामुळे भावाचा भार मान, खांदे आणि पावलांवर येतो, मयूरभंज शैलीत मात्र मुखवटाच नसतो.