काउबॉय, वाकेरो आणि टाचेचा काटा

प्रश्न : टेक्सासमधल्या गुरांच्या हकिगती मराठीत आणते आहे. ‘काउबॉय’ला गुराखी म्हणावं का? आणि बुटाच्या टाचेला बांधतात त्या ‘स्पर’ला काय म्हणू?

उत्तर : ताई, गुराखी नको. आपला गुराखी सकाळी गावची गुरं पायी रानात नेतो आणि दिवेलागणीला परत आणतो. टेक्सासचा काउबॉय म्हणजे घोड्यावरचा पगारी गडी. १८६५मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा तिथे लांब शिंगांची लाखो गुरं मोकाट वाढली होती. स्थानिक भाव मातीमोल, उत्तरेच्या शहरांत मात्र मांसाला मोठी मागणी. १८६७मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेपाशी गुरांचा बाजार उभा राहिला आणि चिझम ट्रेल या गुरं हाकण्याच्या वाटेवरून मोठमोठे कळप शेकडो मैल हाकत न्यायला माणसं लागली. त्यांना ‘काउबॉय’च म्हणा.

पण ही विद्या त्यांनी शिकली मेक्सिकोच्या वाकेरोंकडून, हे तुमच्या मजकुरात यायलाच हवं. ‘वाका’ म्हणजे गाय, तिच्यामागचा तो वाकेरो. स्पॅनिशमध्ये या ‘व’चा उच्चार ‘ब’कडे झुकतो, म्हणून नेवाडा-ओरेगॉनकडे त्याचा ‘बकारू’ झाला. फासाच्या दोराला ‘ला रेआता’ म्हणत. इंग्रजीने ‘ला’ हे उपपदही शब्दातच चिकटवून ‘लॅरिएट’ केलं. ‘लासो’ (फास), ‘रँच’ (गुरांचा मोठा मळा), ‘स्टॅम्पीड’ (कळप उधळणं) हेही स्पॅनिशमधलेच. ‘रोडिओ’ म्हणजे आज काउबॉयांच्या कसरतींचा खेळ, पण मुळात तो खेळ नव्हे. ‘रोदेआर’ म्हणजे वेढा घालणं, म्हणजे रानभर विखुरलेली गुरं घेरून एकत्र आणणं.

दुसरं उत्तर : वरच्या उत्तराशी सहमत. ‘स्पर’ मात्र स्पॅनिश नाही, अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे आणि आपल्या नात्यातला आहे. पायाने झटका देणं या अर्थाच्या ज्या मूळ धातूपासून तो आला, त्यातूनच संस्कृतचा ‘स्फुर्’ आला. ऋग्वेदात (१.८४.८) इंद्राला उद्देशून ‘पदा क्षुम्पमिव स्फुरत्’ असं आहे, तिथे स्फुरणं म्हणजे सरळ लाथेने उडवणं. पुढे आपल्याकडे अर्थ थरथरण्याकडे आणि मग मनाकडे सरकला, ‘स्फुरण चढणं’ आलं. इंग्रजीतही ‘स्पर’चा अर्थ चेतवणं असा झालाच. मला हे फार सुंदर वाटतं.

प्रश्नकर्ती : वा! पण वस्तूला नाव?

दुसरं उत्तर : क्रियेसाठी ‘टाच मारणं’ आपल्याकडे पक्कं आहे, तेच वापरा. वस्तूला मी ‘टाचेचा काटा’ म्हणेन. त्याचे तीन भाग : टाचेभोवतीची पट्टी, मागे निघालेली दांडी आणि तिच्या टोकाला फिरणारी दातेरी चक्री. या चक्रीचं इंग्रजी नाव ‘रॉवेल’. ते लॅटिन ‘रोता’, म्हणजे चाक, यावरून आलं आणि त्याचंच भावंड आपला ‘रथ’. काही काट्यांना लोलकही असतात, चालताना ते किणकिणतात.

‘काटा’ म्हटल्यावर वाचकाला घोडा रक्तबंबाळ झालेला दिसेल, म्हणून एक वाक्य जोडाच. चांगल्या कारागिराच्या चक्रीचे दाते बोथट असतात. चक्री मोठी आणि दाते जास्त असले तर दाब विभागला जातो. मोजके, टोकदार दाते जास्त बोचतात.

पहिलं उत्तर : कारागिरांचा उल्लेख करणार असाल तर जे. आर. मॅकचेस्नी हे नाव घ्या. टेक्सासच्या गेन्सव्हिलमध्ये त्यांचं काम वाढलं, पुढे ते ओक्लाहोमातल्या पॉल्स व्हॅलीला गेले. स्त्रीच्या पायाच्या आकाराची दांडी असलेले त्यांचे काटे प्रसिद्ध आहेत. कॅलिफोर्नियाकडचे काटे वेगळे, नाजूक, चांदी जडवलेले. त्यांच्यात मेक्सिकन हात जास्त दिसतो. दोन्हींना एकच विशेषण लावू नका. आणि १८७४नंतरच्या हकिगतींत कुंपणाची काटेरी तार येईल, तेव्हा ‘काटा’ आणि ‘काटेरी’ एका परिच्छेदात आले तर घोटाळा होईल. तिथे नुसतं ‘स्पर’ चालेल.