'पावणी १२ खंडी' : पीक की खंड?

फोंड्याहून
आजोबांच्या भाताच्या हिशेबाच्या वह्या सापडल्यात. काही मोडीत, काही पोर्तुगिजात. त्यांतून आमच्या भागातलं साठेक वर्षांचं पीक मांडायचं आहे. एका पानावर 'पावणी १२ खंडी' असं आहे. तेवढं भात पिकलं असं धरू का? आणि 'सरद', 'वायंगण' यांना खरीप, रब्बी म्हटलं तर चालेल?

पेडण्याहून
कृपा करून तसं धरू नका. पावणी म्हणजे लिलाव. गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, शेतं बोली लावून कसायला दिली जात. ज्याची बोली चढली त्यानं द्यायचं भात तो खंड, आणि वहीत उतरला तो खंडच. शेतात त्याच्या दुप्पट पिकलं की पावसानं उभं पीक झोपवलं, हे त्या आकड्यात येत नाही. त्या रकान्याला 'उत्पादन' नाव दिलंत तर पुढचा सगळा आलेख चुकेल. गोव्यातल्या तिसवाडीच्या गावकारींच्या रीतीभाती पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये लिहून काढल्या, म्हणजे आपल्याकडची कागदं मागे खूप लांब जातात. पण त्यांतली बरीचशी देण्याघेण्याची आहेत, पिकाची नव्हेत.

खंडीचंही जपून. देशावर खंडी २० मणांची, मेंढ्यांची खंडी म्हणजे २० मेंढ्या, आपली भाताची खंडी २० कुडवांची. वीस तेवढे कायम. आपला कुडव मापाचा, वजनाचा नव्हे. त्यामुळे ओलं भात मोजलं की सुकवून, यावर किलो बदलतात. संस्कृतातला कुडव तर प्रस्थाचा चौथा हिस्सा, अगदीच लहान. कोशातला अर्थ इथे लावू नका.

वेंगुर्ल्याहून
वायंगण आमच्याकडेही म्हणतात, वायंगणी नावाचं गावच आहे. पावसाळा सरल्यावर पाण्याच्या सोयीच्या शेतात केलेलं दुसरं भात ते वायंगण. रब्बी म्हटलं की गहू-हरभरा डोळ्यांपुढे येतो. मूळ शब्दच ठेवा. 'सरद' मला शरदावरून आलेला वाटतो, भात तेव्हाच कापणीला येतं.

फोंड्याहून
दोघांचेही आभार. जुवारी नदीकाठच्या आमच्या खाजनापुढे (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतापुढे) सरदाच्या रकान्यात सलग दोन वर्षं कोरी आहेत. दुष्काळ असेल?

पेडण्याहून
खाजनात आधी बांध आठवावा. तो फुटून खारं पाणी आत आलं की जमीन गोडी व्हायला वेळ लागतो. त्या वर्षांचा खर्च काढून पाहा.

फोंड्याहून
पाहिला. पहिल्या कोऱ्या वर्षाच्या खर्चात 'बांधाची माती, मजुरी' आहे, आणि खाली 'मानशीची फळी नवी', म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची.