तीर्थन खोऱ्यात एकच दिवस हाताशी: रोला गाठावं की वाटेत थांबावं?

गवतफूल
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी १२ वर्षांची लेक हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जातोय. पायथ्याच्या गुशैनी गावात दोनच मुक्काम, म्हणजे चालायला पुरता एक दिवस. उद्यानातल्या रोला या तळापर्यंत जाऊन परत यायचं तर साधारण २० किलोमीटर होतात. सह्याद्रीत आम्ही दोघी तेवढं चालतो, पण लेकीला चालण्यापेक्षा प्राणी बघायची ओढ. तिनं वहीत यादी करून ठेवलीय: घोरल (बकरीसारखा डोंगरी प्राणी), मोनाल आणि जुजुराना (दोन्ही रानकोंबड्यासारखे पक्षी). यातलं खरंच काय दिसू शकेल? आणि घरात १०×५० ची दुर्बीण आहे, मैत्रिणीकडून ८×४२ मिळतेय. कुठली नेऊ?

आडवाट
ताई, दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी त्या वाटेवर दोनदा गेलो. पहिल्या दिवशी रोला गाठायचंच म्हणून मान खाली घालून चालत सुटलो. रोला झालं, पण प्राणी म्हणावा असा एकही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तीच वाट धरली, अर्ध्यातच एका मोठ्या खडकावर तीन तास बसलो आणि समोरच्या उतारावर पाच घोरल दिसले. म्हणून कळकळीनं सांगतो, रोलाचा हट्ट सोडा.

उजाडता उजाडता निघा. याला कारण आहे. रात्री गार झालेली हवा सकाळी खोऱ्यातून खाली वाहत असते. आपण वर चढत असतो, वारा तोंडावर येतो, त्यामुळे वरच्या जनावराला आपला वास लागत नाही. ऊन तापलं की वारा उलटतो आणि आपला वास आपल्या आधी वर पोचतो. शिवाय घोरल चरतो तो सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी कड्याच्या सावलीत बसला की शेजारच्या दगडात आणि त्याच्यात फरक कळत नाही.

शोधायचा कसा? नदीपलीकडचा गवताळ, तीव्र उतार निवडा. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, मग दुर्बिणीनं एकेक पट्टा सावकाश. अख्खा प्राणी शोधू नका. अंगाचा रंग खडकात मिसळून जातो, गळ्यावरचा पांढुरका डाग तेवढा फसवत नाही. मला पहिला घोरल आमच्या वाटाड्यानं दाखवला. लहानपणी तो त्याच उतारांवर मेंढ्या चारायचा. १९९९ मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली, आतली चराई थांबली, आणि आता तो लोकांना डोंगर दाखवतो. असा स्थानिक माणूस सोबत घ्याच, त्याची नजर आपल्याला दहा वर्षांत येणार नाही.

जुजुराना त्या दिवसापुरता यादीतून काढा. हिमाचलचा हा राज्यपक्षी बराच वर, दाट जंगलाच्या झाडोऱ्यात राहतो. तिथं पोचायला तंबू घेऊन काही दिवस चालावं लागतं. मोनालसुद्धा त्या दिवसांत वर सरकलेला असतो, दिसला तर भाग्य.

त्याऐवजी लेकीला नदी दाखवा. डिपर नावाचा तपकिरी, गुबगुबीत पक्षी धारेतल्या दगडावर उठाबशा काढत बसतो आणि एकदम पाण्यात शिरून तळाशी किडे शोधतो. मी त्याच्यासाठी पाऊण तास घालवला आणि पुन्हा घालवीन. त्याच दगडांवर पांढऱ्या टोपीचा थिरथिरा पक्षी असतो. आपल्या सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तूर पक्ष्याचा हिमालयातला भाऊबंदही तिथंच शीळ घालतो, पाण्याच्या खळखळाटावरून ऐकू येते.

दुर्बीण ८×४२ च न्या. चढून दम लागलेला असताना १० पटीत हाताचा कंपही १० पट दिसतो, आणि लहान हातांना ५० मिलिमीटर भिंगाची जड होते.

पाणकणीस
परवान्याचं विसरू नका. गुशैनीकडची सुरुवातीची वाट उद्यानाभोवतीच्या बफर भागातून जाते, तिथं अडवत नाहीत. उद्यानाच्या फाटकातून आत जायला मात्र वनखात्याचा परवाना लागतो. आदल्या दिवशीच साई रोपा इथल्या उद्यानाच्या कार्यालयातून काढून ठेवा, म्हणजे सकाळ वाया जाणार नाही. दुपारनंतर ढग भरून येतात, तेव्हा सदरा आणि रेनकोट मातकट रंगाचेच बघा. आमच्यातल्या एकाचा भडक पिवळा होता, अख्ख्या खोऱ्यातून दिसत होता.

गवतफूल
खूप आभार! लेकीनं डिपर सगळ्यात वर लिहिला आणि जुजुरानाला नवं पान दिलं, "मोठी झाल्यावर" असं वर लिहून. एकच शंका: ती गप्प बसणारी नाही. तिला दिवसभर कुजबुजत बोलायला लावू का?

आडवाट
नदीकाठी गरज नाही, पाण्याच्या आवाजात साधं बोलणं बुडून जातं. हात झटकन उंचावून बोट दाखवण्यानं मात्र घोरल बिथरतो. शिंकल्यासारखा फिस्स आवाज आला की समजा, त्यानं तुम्हाला पाहिलंय. आदल्या संध्याकाळी गुशैनीतच दोघींनी सराव करा: समोरचं एखादं झाड धरायचं आणि हात न हलवता सांगायचं, "काळ्या कड्याच्या डावीकडे, दोन गवताचे पट्टे सोडून, वाकड्या देवदाराच्या खाली."