बी विंग ग्रुप : पहाटे चारला कोण ओरडतंय?

१७ मे

बी-२०४ : पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी कुहू कुहू भोंगा कोण लावतं? आज सलग चौथा दिवस. माझी रात्रपाळी असते, घरी येऊन जरा डोळा लागतो की हे सुरू. कोणाच्या मोबाइलचा अलार्म असेल तर कृपया बदला.

बी-५०३ : अलार्म नाही हो दादा, कोकीळ आहे. मागच्या आंब्यावर बसतो.

बी-२०४ : कोकिळा गोड गाते असं शाळेत शिकवलं होतं. ही तर केकाटते.

बी-६०१ आजी : गाणारा ‘तो’ असतो. काळाकुळकुळीत, लालभडक डोळ्यांचा. ती तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि कुहू अजिबात म्हणत नाही, किक् किक् किक् करत पळते. आपण मात्र एखादी बाई छान गायली की तिला कोकिळा म्हणतो. गाणं त्याचं, नाव हिचं.

बी-२०४ : आजी, तो असो की ती, बंद कधी होणार ते सांगा.

बी-६०१ आजी : पाऊस स्थिरावला की आपोआप. मग लोक म्हणतात कोकीळ गेला. कुठे जात नाही, इथेच असतो तोंड मिटून. डिसेंबरात मी त्याला उंबरावर फळं खाताना दोनदा बघितलाय.

बी-१०२ : आमचं वेगळंच. पार्किंग ११ जवळ कावळा डोक्यात टोच मारतो. काल सासूबाईंना मारली. त्या शनीची शांत करायला सांगतायत.

बी-६०१ आजी : शनी नाही गं, घरटं आहे. गुलमोहराच्या बेचक्यात, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला. काटक्या कमी आणि केबलवाल्याने टाकलेल्या तारा जास्त. छत्री उघडून जा, काही करत नाही.

सेक्रेटरी : सर्व सभासदांस कळवण्यात येते की, मंगळवार दि. १९ रोजी गुलमोहराची पावसाळ्यापूर्वीची छाटणी आहे. उद्यान विभागाची परवानगी आली आहे. माणसाला आगाऊ रक्कम दिली आहे. पार्किंग ९ ते १३ ने गाड्या काढाव्यात. कावळ्याचाही प्रश्न मिटेल. एका दगडात दोन पक्षी.

बी-५०३ : साहेब, या ग्रुपवर म्हणी जपून.

बी-६०१ आजी : सेक्रेटरीसाहेब, घरट्यात अंडी किंवा पिल्लं आहेत, म्हणून तर टोचतोय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणंही येतं. झाडाची परवानगी म्हणजे घरट्याची नव्हे. तीन आठवडे थांबा.

सेक्रेटरी : आजी, मागच्या वळवात याच झाडाची फांदी सी विंगच्या गाडीवर पडली होती. तेव्हा मला किती फोन आले ते मला माहीत. पुन्हा पडली तर कावळा नुकसानभरपाई देणार आहे का?

बी-४०१ : सेक्रेटरी बरोबर बोलतायत. माणसं आधी, मग पक्षी.

बी-६०१ आजी : बरोबर आहे. पण धोक्याची फांदी कोणती? पार्किंगवर आलेली, वाळलेली. घरटं दुसऱ्या बाजूच्या हिरव्या फांदीवर आहे. वाळकी काढा, हिरवी जूनअखेर बघू. परवानगी आहे म्हणून सगळं झाड बोडकं करायलाच हवं असं नाही.

बी-३०१ : आजी, पण वाळक्या फांदीला भोक आहे. आमच्या बाल्कनीतून दिसतं. खालच्या बाजूने, अगदी गोल, लिंबाएवढं. (फोटो)

बी-६०१ आजी : अरे देवा. तांबट.

बी-४०१ : आता हा कोण?

बी-६०१ आजी : दुपारभर टुक टुक टुक ऐकू येतं ना, कोणीतरी तांब्याचं भांडं ठोकत बसल्यासारखं? तोच. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळाला कुंकू. त्याला वाळकं लाकूडच लागतं, हिरव्यात त्याची चोच चालत नाही. आपण वाळकं दिसलं की तोडतो, म्हणून शहरात त्याची पंचाईत.

सेक्रेटरी : म्हणजे हिरवी तोडायची नाही आणि वाळकीही तोडायची नाही. माणसाला काय झाडाला पाणी घालायला बोलवू?

बी-३०१ : माझा मुलगा सुट्टीत नुसता बसलाय. त्याला बाल्कनीत वही देऊन बसवते. भोकात कोणी जातंय का बघतो.

१८ मे

बी-३०१ : चिरंजीवांचा अहवाल, जसाच्या तसा : “सकाळी ६ ते ७:१५. भोकाजवळ कोणी नाही. एक बुलबुल बसला, शी करून गेला. कावळे ७ वेळा आले. संध्याकाळी ५ ते ६:३०. भोकाजवळ कोणी नाही. कावळे ९ वेळा. दुपारी झोपलो होतो.”

बी-६०१ आजी : शाब्बास! पिल्लं असती तर आईबापांच्या सारख्या खेपा झाल्या असत्या. उडून गेलेली दिसतात. एकच विनंती, फांदी मुळापासून काढू नका. खोडाजवळ तीन फुटांचा खुंट ठेवा. तेवढ्याने गाडी फुटत नाही, त्याला मात्र पुढच्या साली कोरायला होईल.

सेक्रेटरी : ठीक. वाळकी काढू, खुंट ठेवू, हिरवी जूनअखेर. त्यानंतर मला कोणी फोन करायचा नाही.

बी-४०१ : पक्ष्यांचं चाललंच आहे तर, माझ्या गाडीचा आरसा रोज शिटून कोण ठेवतं? काळापांढरा आहे, शेपटी उभी. आरशावर चोची मारतो.

बी-६०१ आजी : दयाळ. आरशात दुसरा नर दिसतो, त्याला हाकलतोय बिचारा. आरशाला जुना मोजा घाला.

बी-४०१ : मोजा?

बी-१०२ : धुतलेला.

बी-५०२ : मी रोज टेरेसवर शेव-गाठ्या टाकते, पण पारवेच येतात. बाकीचे पक्षी का येत नाहीत?

बी-५०३ : वहिनी, ते पारवे खाऊन आमच्या एसीवर येतात. मागच्या महिन्यात डक्टमधून दोन पोती घाण काढली. आईला दमा आहे. प्लीज बंद करा.

बी-५०२ : मुक्या जिवांना खाऊ घालायचं नाही का मग?

बी-६०१ आजी : पाणी ठेव गं. मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी, रोज घासून धुवायचं. मेमध्ये दाण्यापेक्षा पाण्याचीच पंचाईत असते. आणि मीठ-मसाल्याची शेव कुठल्याच पक्ष्याला नको.

७ जून

बी-३०१ : आजी, लवकर बघा!! (फोटो) घरट्यातलं पिल्लू बाहेर फांदीवर आलंय. कावळी भरवतेय. पण हे कावळ्याचं वाटत नाही.

बी-६०१ आजी : नाहीच आहे. कोकिळेचं आहे. नर तिथे ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, ते त्याच्या मागे लागले की मादी घरट्यात अंडं टाकून पसार होते. ते कावळ्याच्या अंड्याच्या आधी फुटतं, म्हणून हे पोर सगळ्यांच्या आधी तोंड वासून तयार.

बी-१०२ : सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे मला टोच मारली ती दुसऱ्याच्या पोरापायी?”

बी-२०४ : म्हणजे हेच पुढच्या मेमध्ये ४ वाजून १० मिनिटांनी.

बी-६०१ आजी : मुलगा असेल तर.

१२ जून

बी-१०२ : काल रात्रभर कोणीतरी तीन-तीन शब्दांत ओरडत होतं. आवाज चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. सासूबाई म्हणतात पावशा, “पेरते व्हा, पेरते व्हा”. सातारला त्यांचे वडील हे ऐकून पाभर काढायचे म्हणे. फ्लॅटमध्ये आल्यापासून पहिल्यांदा ऐकला, सकाळपासून खुशीत आहेत.

बी-६०१ आजी : त्यांना सांगा, मीही ऐकला. आणि आज टेकडीवर चातक दिसला. काळापांढरा, डोक्यावर तुरा. हा आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतो. फक्त पावसाचे थेंब पितो हे खोटं, सुरवंट मात्र आवडीने खातो. वहीत मागच्या वर्षी १० जून आहे.

१३ सप्टेंबर

बी-२०४ : आजी, ड्यूटीवरून आलो, टेरेसवर चहा घेत होतो. पाण्याच्या टाकीखाली एक बारीक पक्षी सारखी शेपटी खालीवर करत चालतोय. पाठ राखाडी, पोट पिवळं. चिचिट् असं म्हणतो. कोण?

बी-६०१ आजी : आला का! करडा धोबी. हिमालयाकडून येतो, आता मार्चपर्यंत मुक्काम. दर वर्षी मीच आधी बघते. वहीत गेल्या साली १४ सप्टेंबर, त्याआधी १९. आज १३. तुमच्या नावाने लिहिते.

बी-३०१ : आमच्याकडे पण वही झालीय आता. नोव्हेंबरात शाळेत पक्षी सप्ताह आहे, ५ ला चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. तेव्हा वाचून दाखवणार आहे. “दुपारी झोपलो होतो” तेवढं खोडायला सांगितलंय.

बी-५०३ : दादा, पण टेरेसवर नेमका टाकीखालीच का?

बी-२०४ : तिथे पाणी साचलंय ना. त्यातले किडे टिपतोय.

सेक्रेटरी : टाकीखाली पाणी का साचलंय? पंप कोणी चालू ठेवला?